चूलबंद आवतन

लातूरच्या मुलांना काही नवं सांगायला गेलं की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी मूळची नांदेडची. आमच्याकडे हा प्रश्न विचारायला मुलं निदान पाच मिनिटं थांबायची, इथं खडू हातात घेतला की विचारतात. म्हणून नववीच्या वर्गाला निर्वासितांबद्दल शिकवायला घेतलं त्या शनिवारी मी आधीच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं, 'परीक्षेला नाही'. मागच्या बाकावरच्या दोघांनी लगेच वह्या मिटल्या. तिसऱ्यानं शांतपणे गणिताची उघडली.

तो तास मी भांडून मिळवला होता. शनिवारचा शेवटचा तास रिकामा होता आणि मुख्याध्यापकांना तो गणिताला द्यायचा होता. भूकंपाला तेव्हा सोळा वर्षं होऊन गेली होती. शहर आपलं नवं काम शोधून त्यात बुडालं होतं. गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड होते, बोर्डांवर गुणवंतांचे फोटो होते, आणि ज्या घरात एक खोली जास्तीची होती त्या घरात बाहेरगावची चार पोरं अभ्यास करत बसलेली होती. अशा गावात मुख्याध्यापकांना गणित सोडून दुसरं काही सुचणं अवघडच. पण रोज पेपरात कुठल्या ना कुठल्या लढाईचे फोटो यायचे, डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेली माणसं असायची, आणि माझी मुलं ते बघून "बिच्चारे" म्हणून क्रिकेटचं पान उघडायची. त्या 'बिच्चारे'चा मला भयंकर राग यायचा. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, एवढा एक तास मला द्या, नाहीतर मी स्नेहसंमेलनाचं काम करणार नाही. स्नेहसंमेलनाचं काम दुसरं कुणीच करत नसल्यामुळे तास मिळाला.

राग यायला आणखी एक कारण होतं, ते माझ्या घरातलं. निजामाच्या शेवटच्या वर्षी नांदेडकडच्या पुष्कळ लोकांनी जीव मुठीत धरून पैनगंगा ओलांडली आणि पलीकडे वऱ्हाडात आसरा घेतला. माझे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या गोठ्यात ते सगळे सहा महिने राहिले. वडील ही गोष्ट नेहमी हसत सांगायचे. धार काढायला कसे शिकले, कैऱ्या कशा चोरल्या, म्हशीवर बसून नदीत कसे गेले. त्यामुळे कॉलेजात जाईपर्यंत माझी अशी समजूत होती की निर्वासित होणं म्हणजे लांबलेली उन्हाळ्याची सुट्टी. पुढे निजाम पडला, वारं फिरलं तेव्हा मुसलमानांचीही घरं तशीच रिकामी झाली, हे तर मला त्याहून उशिरा आणि घराबाहेरच्या माणसांकडून कळलं. आपल्या घरात आपल्याला अर्धंच सांगितलं गेलं, याचं मला वाईट वाटत आलंय. माझ्या वर्गाला निदान पाऊण तरी सांगावं असं मनात होतं.

पहिला शनिवार साफ फसला. मी मुलांना म्हटलं, समजा तुम्हाला घर सोडून पळावं लागलं, दहा मिनिटं आहेत, काय घ्याल ते लिहा. अर्धा वर्ग बाहेरगावचा. किनवटचा, उदगीरचा, शिरूर अनंतपाळचा. त्यांना घर सोडून जायची सवय होती. त्यांनी दहा मिनिटांत अशा सुरेख याद्या केल्या की बघत राहावं. गादी, बादली, मग, टेबल लॅम्प, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. उदगीरच्या मुलानं मच्छरदाणी लिहून पुढे कंसात 'दोऱ्यांसकट' असंही लिहिलं होतं.

"अरे, गावावर हल्ला झालाय!" मी ओरडले. "होस्टेलला नाही निघालात तुम्ही!"

"पण मॅडम, मच्छर तर तिथं बी असतील," तो म्हणाला. वर्ग हसला आणि मीही हसले, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी मुलांनीच पुढाकार घेतला. आपण निर्वासितांना मदत करू, म्हणाली. सोमवारी वर्गात जुन्या कपड्यांचं एक भलंमोठं पोतं उभं राहिलं. मी ते उघडून बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. बटणं तुटलेले शर्ट, झिरझिरीत झालेला परकर, एकच मोजा. कुणाच्या तरी आईनं वर्षभर साठवलेली पायपुसणी दानधर्मात काढली होती. वर्गातल्या एकाच मुलीनं काही आणलं नव्हतं. पहिल्या बाकावर बसायची, बोलायची कमी आणि लिहायची फार. तिला विचारलं तर खाली बघत म्हणाली, "आजोबा म्हणाले, कुणाला जुनी कापडं दिली तर घरात घेणार न्हाई."

मी चिडून म्हटलं, "आजोबांना म्हणावं, शाळेत येऊन हे मला सांगा."

ते खरंच आले. पुढच्या शनिवारी शेवटच्या तासाला दारात उभे. पांढरं धोतर, पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं, पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाले, भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचं गाव औसा ओलांडून पुढे, भूकंपानं पार आडवं झालेल्या भागातलं. त्या रात्री त्यांची बायको गेली होती, हे मला नातीकडून कळलं होतं. वर्गात मुलांसमोर हे काय सांगतील, आणि मी काय करीन?

त्यांनी कोटाची गोष्ट सांगितली.

"लई ट्रकं आली बगा कापडाची. ढीग पडले ढीग. पाऊस आला, ढीग भिजले, वास सुटला. कुनी हात लावंना. आमी काय उघडे होतो का? पर देनाऱ्याचं मन म्हनून मी एक कोट उचलला. विंग्रजी कोट, लाल बटनांचा, एका बाहीचा. मला तर बसंना. मग बैलाला घातला."

वर्गात एकदम खसखस पिकली.

"हसा, हसा. थंडीचे दिवस होते. बैल लई ऐटीत चालायचा. दुसऱ्या बैलाला राग आला."

मुलं बाकं बडवायला लागली. मी पोत्याकडे बघितलं आणि ते पायानं हळूच टेबलाखाली सरकवलं. मग एका मुलीनं हात वर करून विचारलं, "आजोबा, सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं?" मी तिला गप्प करणार तेवढ्यात ते बोलायला लागले.

"नवं गाव बसलं. रांगांनी घरं, घरांना नंबर. मारुतीचं नवं देऊळ झालं, त्याचा भंडारा झाला. आमचं कागदात कायतरी अडकलं होतं, आमी अजून पत्र्याच्या शेडातच. सगळं गाव जेवलं त्या दिवशी. आमाला बोलवायला कुनी आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सामान उचललं, लातूरला आलो. आजवर त्या गावचं पानी बी तोंडाला लावलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी मला नमस्कार केला आणि वहाणा घालून निघून गेले. मग उदगीरचा तो मच्छरदाणीवाला उभा राहिला. "मॅडम, तुम्ही फोटो दाखवले ना, त्या छावण्यांमध्ये जेवायला घंटा वाजवतात, का नाव घेऊन बोलावतात?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. गणिताची वही उघडणाऱ्या मुलानं वही मिटून दप्तरात टाकली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. खरं सांगते, वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद फार थोड्या वेळा झालाय.

सोमवारी ती अबोल मुलगी स्वतःहून माझ्याकडे आली. गावात त्या देवळाचा भंडारा दरवर्षी असतो, यंदाचा पुढच्या रविवारी आहे, म्हणाली. मधल्या सुट्टीत ही बातमी वर्गभर झाली आणि सुट्टी संपायच्या आत वर्गानं ठरवूनही टाकलं की आजोबांना बोलावणं आलंच पाहिजे, आणि ते आपण आणायचं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, "या सहलीचा उपयोग काय?" मी म्हटलं, "नकाशावाचन. परीक्षेला आहे." त्यांनी सही केली.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी सहा मुलांना घेऊन एसटीनं त्या गावी गेले. भंडाऱ्याचं आवतन देण्याचं काम मारुतीची पूजा करणाऱ्या गुरवकाकांचं. सत्तरीचे, काटक, बोलायला मोकळे. हातात हळदीकुंकवाच्या अक्षतांची वाटी घेऊन ते निघाले आणि आम्ही त्यांच्या मागे. मी मुलांना बजावून ठेवलं होतं की जुनं काही उकरून काढायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. शहाणपणा करायला गेले.

नवं गाव कागदावर पट्टीनं आखावं तसं सरळ. आम्हाला वाटलं, काका पहिल्या घरापासून सुरू करतील आणि रांगेनं जातील. काका पहिल्या रांगेतल्या चौथ्या घरी गेले. तिथून तडक शेवटच्या रांगेत. तिथून मधल्या रांगेतल्या कोपऱ्यावर, मग परत पहिल्या रांगेत, चौथ्याच्या शेजारच्या घरी. दर घरासमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचे, "उद्या मारुतीचा भंडारा, चूलबंद आवतन हाय हो!" दोन चिमटी अक्षता द्यायचे आणि पुन्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला. ऊन चढलं होतं. आमची दमछाक झाली.

"काका, हे शेजारचं घर तेव्हाच का नाही घेतलं?" एकानं विचारलं.

"हे कुठलं शेजारचं? हे तर वेशीपाशी राहायचे," काका म्हणाले.

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काका जुन्या गावाच्या गल्ल्यांनी फिरत होते. जुन्या गावात ज्या घरानंतर जे घर यायचं त्याच क्रमानं त्यांना आवतन आठवत होतं, मग ती माणसं नव्या गावात कुठंही पडलेली असोत. मुलांना तर खजिनाच सापडला. त्यांनी वहीची पानं जोडली आणि काका सांगतील तसं लिहीत सुटली. वेस, वेशीशेजारी अमुक, मग चिंचेचं झाड, मग विहीर, मग तमुक. दुपारपर्यंत जमिनीवर शिल्लक नसलेल्या गावाचा नकाशा सहा मुलांच्या हातात होता आणि गावातली म्हातारी माणसं त्याच्याभोवती गोळा होऊन भांडत होती. विहीर डावीकडं होती, न्हाई, उजवीकडं होती. एका आजीनं उदगीरच्या मुलाच्या हातून पेन्सिल हिसकावून घेऊन आपलं अंगण मोठं करून घेतलं.

काही ठिकाणी काकांचं चालणं मंदावायचं, ते हात जोडायचे आणि अक्षता न देताच पुढे व्हायचे. ती घरं कोणती, हे मुलांनी विचारलं नाही.

"नंबरानं का फिरत नाही?" मी विचारलं.

"फिरलो की एकदा. देवळाच्या पहिल्या भंडाऱ्याला. सरकारी यादी घेऊन निघालो, लई घोटाळा झाला. तवापासून कानाला खडा," काका म्हणाले. चिंचेच्या झाडानंतरच्या घराशी ते पोचले, म्हणजे मनातच पोचले, आणि थांबले. "हितं त्यांचं घर. ते आता लातूरला असतेत. पोराच्या नोकरीसाठी गेले म्हनतेत."

हे आजोबांचंच घर, हे मुलांनी ओळखलं आणि ती एका सुरात म्हणाली, "आम्ही देतो त्यांना आवतन!"

काकांनी आनंदानं अक्षता एका पुडीत बांधल्या. "चूलबंद म्हनून सांगा बरं का. घरटी एक न्हाई." आणि मग आम्हा शहरातल्यांना समजावून सांगितलं. घरटी एक म्हणजे घरातून एकानं जेवायला जायचं. चूलबंद म्हणजे त्या घरच्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी जायचं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही.

संध्याकाळी लातूरला उतरून आम्ही सरळ आजोबांच्या घरी गेलो. दोन खोल्यांत कुटुंब आणि वरच्या दोन खोल्यांत क्लासला आलेल्या पाच मुली, असं ते घर. मुलीचे वडील एसटीत कंडक्टर, आई या पाच जणींचं जेवणखाण बघायची. आजोबांनी पुडी दोन्ही हातांत घेतली. "कुनी धाडलं?"

"गुरवकाकांनी. चूलबंद!"

त्यांनी पुडी कपाळाला लावली, उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाले, "बरं." आत सून ओट्याशी पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं होतं. मुलं रस्त्यानं नाचतच घरी गेली.

रविवारी सकाळी सगळा वर्ग टेम्पोतून गावात. ती मुलगीही आमच्याबरोबर होती. वडील ड्युटीवर, तिचे आजोबा आणि आई मागून एसटीनं येणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मुख्याध्यापकही आले, नकाशावाचन तपासायला म्हणून, आणि गव्हाच्या खिरीच्या कढईजवळ खुर्ची टाकून बसले. मुलांनी पत्रावळ्या मांडल्या, पाणी भरलं. अकरा वाजले, साडेअकरा झाले. दोन एसट्या येऊन गेल्या. आजोबा आले नाहीत.

मुलं फाट्यावर जाऊन बघून येत होती. मुलीचा चेहरा उतरत चालला होता. "आजोबा तर पहाटेच अंघोळ करून फेटा बांधून बसलेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "दारातच बसलेत. मी विचारलं, येता ना? तर म्हणाले, बघू."

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. एवढी पोरं राबली, आणि हा माणूस आपला ताठा सोडत नाही! मी तसं बोलूनही दाखवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "माझ्या मोबाईलवरून त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करू या का?"

गुरवकाका ऐकत होते. त्यांनी मुलीला विचारलं, "दारात बसलेत म्हनलीस? फेटा बांधून?" आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आवो बाई, ते वाट बघून राहिलेत! आवतनावर कुनी उठून येतंय का? आवतन आदल्या दिवशी. जेवन तयार झालं की दुसरी फेरी असतीया, 'चला हो, पानं मांडली' म्हनून. ती आल्याबिगर कुनी भला मानूस घर सोडंल का?"

मी नांदेडची शिकलेली बाई, मला हे ठाऊक नव्हतं. मुलीला नव्हतं, ती लातुरातच जन्मली आणि वाढली. वर्गाला तर नव्हतंच. आम्ही अर्धंच बोलावणं देऊन विजयी होऊन घरी गेलो होतो. आणि एवढ्यात काकांना काहीतरी आठवलं.

"त्या वर्सी बी आवतन मीच दिलं होतं त्यांना. शेडात जाऊन दिलं होतं, चूलबंद. दुसऱ्या फेरीला यादी घेतली. नंबरानं फिरलो. शेडाला कुठं नंबर होता? म्हंजी दिसभर बसले असतील ते. चूल न पेटवता."

मी जर शनिवारी मुलांना तोंड बंद ठेवायला सांगितलं नसतं, तर हे तेव्हाच उलगडलं असतं. पण रुखरुखत बसायला वेळ नव्हता. मुख्याध्यापकांनी पुन्हा मोबाईल काढला. काका उसळून म्हणाले, "फोनवर कुठं दुसरं बोलावणं असतंय का सर?" गावातल्या एकानं जीप काढली. काकांनी धोतराचा सोगा खोचला, मी शेजारी बसले. पंगतीचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर गावातली म्हातारी माणसं पत्रावळ्यांसमोरून उठून सावलीत जाऊन बसली. थांबतो, म्हणाली. माझ्या वर्गातली मुलंही उठली. त्यांना लेकरं म्हणून आधी वाढत होते, पण ती जेवली नाहीत. मुख्याध्यापकांनाही मग थांबावं लागलं.

लातुरात पोचलो तेव्हा एक वाजला होता. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि काका उतरून चालत निघाले. दोन्ही बाजूंना क्लासेसचे बोर्ड, सायकली लावून उभी असलेली पोरं. काकांनी गावात द्यावी तशी खणखणीत हाक दिली, "चला होऽ! पानं मांडली होऽ!" सायकलींच्या घंट्या थांबल्या. वरच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

आजोबा दारात पाटावर बसले होते. फेटा तसाच ताठ. ते उठले नाहीत. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"लई उशीर केलाव," आजोबा म्हणाले.

"हाव. चौदा वर्सं," काका म्हणाले. "मागलं राह्यलेलं बी ह्यातच धरा. नंबराच्या नादानं चुकलो मी. चला."

आजोबांनी हात पुढे केला. काकांनी त्यांना ओढून उभं केलं. मी आत डोकावले. ओटा स्वच्छ पुसलेला, गॅस बंद, आणि वरच्या पाच मुली जिन्यात बसून बिस्किटं खात होत्या. सकाळची टेस्ट देऊन आल्या होत्या आणि उपाशी होत्या. "काकू म्हणाल्या, आज चूलबंद आहे," त्यातली किनवटची मुलगी मला म्हणाली. तिला वाटत होतं, गॅस संपलाय.

"त्यांना बी घ्या," आजोबांनी फर्मान सोडलं. "त्यांची चूल हीच हाय."

"आजोबा, चारला क्लास आहे!"

"चूलबंद म्हंजी चूलबंद."

एका जीपमध्ये आम्ही नऊ जण आणि ड्रायव्हर. मुली एकमेकींच्या मांडीवर, हसून हसून बेजार. औसा मागे पडल्यावर सून बाहेर बघत अगदी साध्या आवाजात माझ्याशी बोलली. "त्या दिवशी ही पोटात होती, सातवा महिना. मला लई भूक लागली होती, बाई. पिठाचा डबा समोर होता. पर मामा म्हनले, बोलवायला येतेत, चूल पेटवायची न्हाई. मग सांज झाली." सासऱ्यांना ती मामा म्हणायची. पुढच्या सीटवर बसलेल्या आजोबांनी मान वळवली नाही, पण त्यांनी ऐकलं होतं. हे ते पहिल्यांदाच ऐकत असावेत, कारण त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि गाव येईपर्यंत तो पुन्हा घातला नाही.

गावात शिरलो तेव्हा पोरं जीपमागे धावत आली. म्हातारी माणसं सावलीतून उठली. कुणी मिठी मारली, कुणी पाठीत धपका घातला. ती मुलगी आजोबांचा हात सोडेना. माझ्या वर्गानं नकाशा त्यांच्यापुढे धरला, त्यांनी विहिरीवर बोट ठेवून सांगितलं, डावीकडेच होती, आणि अर्ध्या गावानं आरडाओरडा केला. पहिल्या पंगतीत मानाची जागा त्यांच्यासाठी ठेवली होती. काकांनी त्यांना तिकडे नेलं, पण ते बसले नाहीत. वाढणाऱ्याच्या हातातली खिरीची बादली त्यांनी काढून घेतली आणि बायका उभ्या होत्या त्या भिंतीकडे गेले.

"बस," ते सुनेला म्हणाले.

ती गोंधळली. "बायकांची पंगत मागून हाय, मामा."

"तुझं मागूनच झालं सगळं. बस म्हनतो ना."

ती मानाच्या जागेवर बसली, दोन्ही बाजूंना त्या पाच मुली बसल्या, लेक शेजारी बसली. आजोबा वाकले आणि त्यांनी तिच्या द्रोणात खीर घातली. सासऱ्यानं सुनेला वाढताना त्या गावानं कधी बघितलं नसावं. तिनं पदर सावरला, द्रोण उचलला आणि सगळ्यांदेखत, अजिबात न लाजता, एका दमात रिकामा केला. ते बादली घेऊन तिथंच उभे होते.

"अजून?" त्यांनी विचारलं.

तिनं द्रोण पुढे केला. "वाढा," ती म्हणाली.